घूस, लव्हाळा आणि पालापाचोळा : पावसाळ्याआधी अंगणातली तीन कामे



मुंबईच्या उपनगरात शेती कुठे राहिली आहे, असे लोक विचारतात. त्यांनी गोराई-मनोरीची भातखाचरे आणि भाजीचे वाफे पाहिलेले नसतात. आरेच्या पाड्यांवर पावसाळ्यात काकडी-दोडक्याचे मांडव उभे राहतात, तेही पाहिलेले नसतात. आपण ते रोज पाहतो. आणि आपल्यातली बरीच मंडळी घरची शेती सांभाळून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरकडच्या बंगल्यांची आणि सोसायट्यांची हिरवळ राखायलाही जातात. म्हणून आज घरापुढचे अंगण, मागची परसबाग आणि हिरवळ या तिन्ही ठिकाणी लागू पडेल असा विषय घेतला आहे.

या जागेबद्दल तीनच तक्रारी कानावर येतात. घुशी जमीन पोखरतात, लव्हाळा हटत नाही आणि पाल्याचा कचरा होतो. यातल्या पहिलीचा बंदोबस्त करायचा, दुसऱ्याला मुळासकट काढायचे आणि तिसऱ्याला मात्र जपून ठेवायचे. आता एकेक गोष्ट पाहू.

घूस

परदेशातल्या बागकामाच्या पुस्तकांत हिरवळ उकरणाऱ्या 'मोल' नावाच्या प्राण्याबद्दल पुष्कळ लिहिलेले असते. तो प्राणी आपल्याकडे नाही. आपल्या हिरवळीत रातोरात मातीचे ढीग दिसले, की ते काम बहुतेक वेळा घुशीचे असते. काही जण त्याचा दोष चिचुंद्रीला देतात आणि तिला मारतात. असे करू नका. लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री किडे, झुरळे, अळ्या खाते. ती आपले पीक खात नाही. तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावे.

घूस मात्र तिहेरी नुकसान करते. भात, कणगरे, भुईमूग खाते आणि धान्य बिळात साठवते. बांध आणि घराचा ओटा पोखरते. आणि तिसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, ते सर्वांत मोठे आहे. ते सांगतो.

बोरिवली तालुक्यातल्या एका वाडीवर गेलो होतो. घरच्या आजी म्हणाल्या, "साहेब, घुशीनं ओटा पोखरला, काहीतरी औषध सांगा." मी बिळे पाहिली, औषध सांगितले आणि निघालो. पुढे पावसाळ्यात पुन्हा गेलो तर आजींचा मुलगा नुकताच इस्पितळातून घरी आलेला. पायाला कोयत्याची जखम होती. तशाच पायाने तो अंगणात साचलेल्या पाण्यात चार दिवस वावरला. ताप आला, तो साधाच समजून घरी काढला. मग पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले. डॉक्टरांनी सांगितले, लेप्टो. वेळेवर उपचार मिळाले, म्हणून तो वाचला. पहिल्या भेटीत मी पिकाच्या आणि ओट्याच्या नुकसानीबद्दल बोललो होतो, या आजाराबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ती माझी चूक. तेव्हापासून घुशीचा विषय निघाला की मी आधी हेच सांगतो.

लेप्टोचे जंतू उंदीर-घुशींच्या, कुत्र्यांच्या आणि गुराढोरांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात जातात. तिथून ते पायाच्या जखमेतून, भेगांतून माणसाच्या अंगात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर मुंबईत या आजाराने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून साचलेल्या पाण्यात काम करताना गमबूट घाला. जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. पुराच्या पाण्यातून चालावे लागलेच तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना तसे सांगा, ते प्रतिबंधक गोळ्या देतात. आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका. ताप, डोकेदुखी, पोटरीचे दुखणे, लाल डोळे यांपैकी काही दिसले तर एक दिवसही थांबू नका.

आता बंदोबस्त. तो पावसाआधी, मे महिन्यात करावा. त्या वेळी शेतात खाणे कमी असते, त्यामुळे घूस आमिषाकडे लवकर येते. पावसात आमिष भिजून वाया जाते. शिवाय घुशीची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका वेळेस सहा-सात पिल्ले देते. मे महिन्यात सोडलेली एक जोडी भात निसवेपर्यंत केवढे कुटुंब करील, याचा हिशेब आपणच करावा.

पहिले काम म्हणजे जिवंत बिळे ओळखणे. संध्याकाळी सगळी बिळे ओल्या मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील त्यांतच घूस आहे. औषध फक्त तिथेच लागते. बाकीच्या बिळांत घातलेला पैसा मातीत गेला म्हणून समजा.

घराजवळ पिंजरा सर्वांत चांगला. सुक्या बोंबलाचा तुकडा किंवा तेल लावलेली भाकरी ठेवावी. घूस नव्या वस्तूला बिचकते. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री पिंजऱ्याचे दार बांधून उघडेच ठेवा, खाऊ द्या. मग सापळा लावा. तो हाताळताना हातमोजे घाला.

पिंजऱ्याने भागले नाही तर ब्रोमॅडिओलोनची तयार वडी जिवंत बिळात खोलवर सरकवून तोंड बुजवावे. याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी 'औषध खोटे' म्हणू नका. शेतात झिंक फॉस्फाईड वापरतात. ते जहाल विष आहे, त्यावर उतारा नाही. जिथे मुले, कोंबड्या, कुत्री वावरतात त्या अंगणात ते आणूच नये. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचे तर नावही काढू नका. त्या वापरण्याची परवानगी फक्त सरकारी यंत्रणेला आणि प्रशिक्षित तज्ज्ञांनाच आहे. त्यांचा वायू बिळातून भिंतीच्या फटीने घरात शिरतो आणि झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. कोणतेही विष धान्याच्या डब्याजवळ ठेवू नका, आणि मेलेल्या घुशी खोल पुरा.

आणखी एक गोष्ट. एकट्याने घुशी मारून उपयोग होत नाही. तुमचे बीळ रिकामे झाले की शेजारच्या आवारातली घूस महिन्याभरात तिथे बिऱ्हाड करते. म्हणून पाड्याने, वाडीने, सोसायटीने एकाच आठवड्यात मोहीम घ्यावी. महापालिकेच्या विभाग कार्यालयात कीटकनाशक खाते असते, तिथे अर्ज द्यावा. उघडा कचरा आणि उष्टे-खरकटे बंद झाल्याशिवाय मात्र कोणतेच औषध पुरे पडणार नाही. धामण आणि गव्हाणी घुबड हे आपले बिनपगारी राखणदार आहेत. त्यांना मारू नका.

लव्हाळा

"रोज उपटतो साहेब, तरी आठव्या दिवशी हजर!" लव्हाळ्याबद्दलची ही तक्रार खरी आहे. कारण आपण उपटतो ती पात, आणि लव्हाळा जगतो तो जमिनीतल्या गाठींवर. या गाठी बारीक दोऱ्यासारख्या मुळ्यांनी एकीला एक जोडलेल्या असतात. पात ओढली की दोरा तुटतो, आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ नवा कोंब काढते. म्हणजे आपण उपटून लव्हाळा वाढवतोच.

तो येतो कुठून? पुष्कळदा आपणच विकत आणतो. हिरवळीसाठी ट्रकने आणलेली लाल माती आणि रोपवाटिकेतल्या पिशवीतली माती यांतून गाठी येतात. मूठभर माती चाळून पाहा. काळसर, हरभऱ्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या, सुगंधी गाठी दिसल्या तर ती माती घेऊ नका.

उपाय तीन. एक, एप्रिल-मे महिन्यात रिकामी जागा वीतभर खोल खणा, गाठी वेचा आणि उरलेली ढेकळे कडक उन्हात उलथीपालथी करून तापू द्या. गाठीला वाळणे सोसत नाही. दोन, पावसात उगवलेला लव्हाळा दर पंधरा दिवसांनी खुरप्याने गाठीसकट काढा. कोंब वर आल्यापासून महिना-दीड महिन्यात तो नव्या गाठी धरू लागतो. त्याआधी काढत राहिलात तर जुन्या गाठीतला साठा संपतो आणि ती मरते. यात एक पाळी चुकली की मागची मेहनत फुकट. तीन, त्याला सावली मानवत नाही. परसबागेत रताळी किंवा चवळी दाट लावून जमीन झाकून टाका. हिरवळ असेल तर गवत फार खोल कापू नका. गवत बुडापर्यंत कापले की ऊन जमिनीपर्यंत पोचते आणि लव्हाळ्याचे फावते. रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी द्या, आणि पाणी साचत असेल तर निचरा काढा.

दुसरे तण गाजर गवत. १९५५च्या सुमारास ते पुण्यात दिसले आणि परदेशी गव्हाबरोबर आले असे सांगतात. आता रेल्वेच्या कडेपासून आपल्या कुंपणापर्यंत ते पोचले आहे. त्याने अंगाला खाज सुटते, दमा उठतो. एका झाडाला हजारो बिया येतात, म्हणून फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फूल नसेल तर खताच्या खड्ड्यात चालते. फूल आले असेल तर खड्ड्यात मुळीच नको.

सगळेच न लावता उगवलेले तण नव्हे, हेही ध्यानात असू द्या. पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो, कुर्डू उगवते. त्यांची कोवळी पाने आपल्या आया-बहिणी भाजीसाठी खुडतात. टाकळा दाट झाला की गाजर गवतालाही दाबतो. त्याला खुरपे लावण्याआधी स्वयंपाकघरात विचारावे.

पालापाचोळा

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात झाडे पाने गाळतात. मग सकाळी झाडलोट होते, ढीग होतो आणि काडी लागते. बंधूंनो, ही काडी पाल्याला लागत नाही, आपल्या खताला लागते. पाल्यातला नत्र धुरात जातो, मागे मूठभर राख उरते. धुराचा त्रास म्हाताऱ्यांना आणि लेकरांना होतो तो वेगळाच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आणि साध्या जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली.

काही जण म्हणतील, आमचे वाडवडील राब भाजत आले. खरे आहे. भाजणीने तणाचे बी मरते आणि राखेने रोप जोमदार होते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. पण त्यासाठी पाला, शेण, फांद्या सगळे जळते. गादीवाफा करून त्यात कुजलेले खत मिसळले आणि एक खुरपणी केली तर रोप तितकेच चांगले होते, आणि पालाही वाचतो.

खत असे करा. जागा उंच, घरापासून दूर निवडा. पुसदच्या पांढरीपांडे यांच्या नावाने ओळखला जाणारा 'नाडेप' हौद १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच, भिंतीला हवेची भोके ठेवून बांधतात. एवढी जागा नसेल तर जाळीचा गोल उभा केला तरी चालतो. पाल्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाला, वर मातीचा पातळ थर, याप्रमाणे भरत जा. नुसता वाळका पाला वर्षभर तसाच पडून राहतो, कारण कुजवणाऱ्या जंतूंना नत्र लागतो आणि तो वाळक्या पाल्यात कमी असतो. म्हणून तीन पाट्या वाळक्या पाल्याला एक पाटी हिरवे, म्हणजे कापलेले गवत किंवा गिरिपुष्पाचा पाला घाला. आरे-गोरेगावकडे तबेले आहेत, शेण मिळायला अडचण नाही. आंबा, फणस, अशोकाची पाने जाड असतात, ती तुकडे करून टाका. मूठ दाबली की हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. महिन्याने एकदा वरखाली करा. पावसात वरून झाका. तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत तयार होते. लव्हाळ्याच्या गाठी मात्र कडकडीत वाळवल्याशिवाय त्यात टाकू नका.

उरलेला पाला चिकू-आंब्याच्या आळ्यात पसरा, खोडापासून वीतभर जागा सोडून. हिरवळीवर मात्र पाला साचू देऊ नका. त्याखाली गवत पिवळे पडते आणि पावसात बुरशी धरते. आणि घराच्या भिंतीला लागून ढीग कधीच नको. तिथे घूस राहायला येते आणि तिच्या मागे साप येतो. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा.

थोडक्यात, मे महिन्यात घुशीची मोहीम सर्वांनी मिळून करा, लव्हाळ्याची पंधरवड्याची पाळी चुकवू नका आणि पाल्याला काडी लावू नका. शंका आली तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत विचारता येते, पैसे पडत नाहीत. आणि पावसात ताप आला तर आधी डॉक्टर, मग शेत.

आजच्यापुरते एवढेच. राम राम.