विजेची दुचाकी आणि नोकरीची वाट

मडगावच्या बसस्थानकावर सकाळी पणजीच्या शटल गाडीसाठी जी रांग लागते, तिच्यात एक कारकून उभा आहे अशी कल्पना करावी. पगार बेताचा, कचेरी पणजीस, आणि अंतर एका बाजूचे सुमारे ३३ किलोमीटर. घरापासून स्थानकापर्यंत रिक्षा, मग रांग, मग बस, आणि पणजीत उतरल्यावर पुन्हा पायपीट. पेट्रोलची स्कूटर घ्यावी, तर जाण्यायेण्याच्या ६६ किलोमीटरांना दीड लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. लिटरला १०० रुपये धरले, तर पंचवीस दिवसांच्या महिन्यास साडेतीन हजारांहून अधिक खर्च झाला. अशा गृहस्थाने विजेच्या दुचाकीच्या दुकानाकडे पाय वळविला, तर त्यात नवल नाही.

दुकानात शिरताच पहिला घोटाळा होतो तो नावाचा. ‘इलेक्ट्रिक बाइक’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे पायडल मारावयाची सायकल, जिला मोटार केवळ हातभार लावते. दुसरी मंदगती स्कूटर. तिची मोटार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग तासाला २५ किलोमीटरच्या आत असतो, म्हणून तिला नोंदणी लागत नाही व चालविणाऱ्यास परवानाही लागत नाही. तिसरी पूर्ण वेगाची, क्रमांकाची पाटी लावलेली स्कूटर. म्हापशाहून पणजीस, म्हणजे १३ किलोमीटरच जाणाऱ्यास पहिल्या दोन्हींचा विचार करता येईल. मडगावकराने मात्र तो मोह टाळावा. २५ च्या वेगाने ३३ किलोमीटर म्हणजे सव्वा तासाहून अधिक काळ, आणि तोही राष्ट्रीय महामार्गावर, मागून येणाऱ्या मालमोटारींच्या कर्ण्यांच्या साथीने! काही विक्रेते हळूच कानात सांगतात, “साहेब, वेगाचे कुलूप आम्ही काढून देतो.” ते काढले की गाडी कायद्याने मोटारवाहन ठरते, आणि पाटी, परवाना, विमा यांपैकी काहीच जवळ नसते. अपघात झाला तर त्या वेळी विक्रेता शेजारी उभा नसतो.

तेव्हा तिसऱ्याच प्रकाराकडे वळावे. येथे विक्रेता म्हणतो, “एका चार्जात शंभर किलोमीटर, लेखी देतो.” तो खोटे बोलतो असे नव्हे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत ठराविक पद्धतीने चाचणी होते आणि तेथे हा आकडा निघतो. परंतु त्या चाचणीत वेर्ण्याचे पठार नसते, बांबोळीची चढण नसते, जुलैतला समोरून येणारा वारा नसतो. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि मागे कोणी बसले की चढणीवर मोटार अधिक वीज ओढते. म्हणून छापील आकड्याचा चौथा हिस्सा प्रथमच वजा करावा हे शहाणपणाचे. त्याहून खात्रीची रीत अशी की, किलोमीटर विचारूच नयेत. बॅटरी किती किलोवॅट-तासांची, हे विचारावे. एक किलोवॅट-तास म्हणजे घरच्या वीजबिलातले एक युनिट. मध्यम वेगाने चालणारी स्कूटर एका युनिटात साधारण ३३ किलोमीटर जाते. मडगाव ते पणजी म्हणजे एक युनिट, असे हे सोयीचे गणित आहे.

आता दोन युनिटांची स्वस्त गाडी घेतली, तर नवी असताना ती जाऊन येईल, परंतु घरी पोचताना बॅटरी कोरडी होईल. तीन युनिटांची घेतली, तर नवी असताना शंभर किलोमीटर मिळतील. पण बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. चार-पाच वर्षांनी तिची शक्ती पाचवा हिस्सा घटली असे धरले, तर उरले ८०. त्यांतून अडीअडचणीसाठी दहा-पंधरा बाजूस ठेवले, की नेमके ६६ च्या घरात येतो. म्हणजे लांबच्या नोकरदाराने गाडी आजच्या दमावर निवडावयाची नसते, तिच्या पाचव्या वर्षातल्या दमावर निवडावयाची असते.

हमीपत्राचेही असेच आहे. ‘तीन वर्षे किंवा ५०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते’ अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. गावातल्या गावात फिरणाऱ्यास तिचे काही वाटत नाही. परंतु आपल्या कारकुनाची गाडी वर्षाला जवळजवळ २०,००० किलोमीटर धावणार. त्याची तीन वर्षे अडीच वर्षांतच संपतात! आणि नवी बॅटरी म्हणजे गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा, क्वचित त्याहूनही जास्त. म्हणून अधिक किलोमीटरांची वाढीव हमी काही हजार रुपये देऊन मिळत असेल, तर शोभेच्या पडद्यावरचा आणि गाणी वाजविणाऱ्या यंत्रावरचा खर्च वाचवून ती घ्यावी.

सरकारी अनुदानाचा भरवसा धरू नये. २०२१ च्या जूनपासून युनिटामागे १५,००० रुपये मिळत होते, २०२३ च्या जूनमध्ये ते १०,००० झाले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ५,००० वर आले. जुनी गाडी घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. २०२२ साली काही गाड्यांनी पेट घेतल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी कडक झाले. त्याआधीची गाडी स्वस्तात मिळते, त्याचे एक कारण हेही असते.

घरचे काम तसे किरकोळ, पण टाळण्याजोगे नव्हे. जुन्या घरातल्या प्लगाला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने बॅटरी काढून वर नेता येते का ते विचारावे, आणि ती दुकानातच एकदा उचलून पाहावी. सुटी करता येणारी बॅटरीही दहा किलोंच्या पुढे भरू शकते. दुरुस्तीचे केंद्र मडगावात आहे की केवळ पणजीत, हेही विचारावे. खाऱ्या हवेत तारांच्या जोडण्या गंजतात, आणि बंद पडलेली गाडी झुआरीचा पूल ओलांडून ढकलत नेता येत नाही.

खर्चाचा हिशेब मात्र उत्साह वाढविणारा आहे. चार्ज करताना होणारी गळती धरून रोजची सव्वादोन-अडीच युनिटे, युनिटाला ६ रुपये धरले तर १५ रुपये. महिन्याचे पावणेचारशे. पेट्रोलच्या मानाने तीन हजारांच्या वर शिल्लक राहते, आणि कर्जाचा हप्ता बहुतांशी त्यातूनच फिटतो.

एक प्रश्न दुकानात सुटत नाही. पणजीच्या कचेरीत दिवसा गाडी चार्ज करू देतील का? देत असतील, तर बॅटरी एका बाजूलाच पुरावयास हवी. मग दोन युनिटांची, बरीच स्वस्त गाडीही पाचव्या वर्षापर्यंत निभावेल. देत नसतील, तर तीन युनिटांखाली उतरता येणार नाही. म्हणून आपल्या कारकुनाने दुकानदारास बयाणा देण्याआधी हेडक्लार्कसाहेबांपुढे अर्ज ठेवावा, आणि त्यातच लिहावे की, विजेचे महिन्याचे पावणेदोनशे रुपये तो स्वतः भरील.