धुराडे, तूर आणि हिशेब

(नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बिदरचे जांभ्या दगडाचे पठार उतरून कलबुर्गीच्या मुलखात शिरले की चुनखडीचे राज्य सुरू होते. शहाबादी फरशी याच भूमीने घरोघरी पोहोचविली. १९३६ साली दहा कंपन्यांच्या एकीकरणातून असोसिएटेड सिमेंट कंपनीज उभी राहिली, त्या दहांत शहाबाद सिमेंट कंपनी होती. पुढे वाडी, मळखेड, सेडम येथे मोठे कारखाने झाले. या कोरडवाहू मुलखाला त्यांनी पगाराचे पीक दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु याच मुलखाचे दुसरे पीक तूर आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पानांवर सिमेंटची भुकटी साचली की प्रकाश अडतो, रंध्रे बुजतात. आणि जी हवा पिकास बाधते ती लेकरांच्या छातीस मानवेल कशी? २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत कलबुर्गीचे नाव आले, ते भूषणासाठी नव्हे.

कारखानदार म्हणतात, यंत्रे महाग आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. वीज गेली अथवा भट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड वाढला, तर स्फोटाच्या भयाने धूळ पकडणारे विद्युत्‌यंत्र बंद पडते आणि तेवढा वेळ धूळ मोकाट सुटते. कापडी पिशव्यांच्या गाळणीत हा दोष नाही. मात्र पिशव्या बदलाव्या लागतात, पंख्यांना वीज लागते, आणि जुन्या कारखान्यात ती बसविताना भट्टी थांबवावी लागते. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गाळणीत अडकलेली धूळ म्हणजे कच्चा माल किंवा तयार सिमेंटच. ती पुन्हा उपयोगी पडते. वाऱ्यावर उडते ती कारखान्याचीच मिळकत!

१९८१ साली हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. २०१४ च्या अधिसूचनेने नव्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीसाठी दर घनमीटर वायूमागे ३० मिलिग्रॅम धुळीची मर्यादा घातली. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या गुन्ह्यांतील बहुतेक ठिकाणचा तुरुंगवास काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड ठेवला. येथेच न्यायाचा प्रश्न उभा राहतो. पंधरा लाख रुपये मोठ्या सिमेंट कारखान्याला किरकोळ खर्च वाटतील; फरशी घासणाऱ्या छोट्या कारखानदाराचे मात्र तेवढ्यात दिवाळे निघेल.

म्हणून माझे म्हणणे असे की, स्वच्छ हवेचे माप सर्वांना एकच असावे, साधनांचा भार मात्र ऐपतीप्रमाणे पडावा. लहानांना मुदत आणि स्वस्त कर्ज द्यावे. मोठ्यांना सबब देऊ नये. ट्रक झाकणे, आवारातील रस्ते पक्के करणे, क्लिंकर छपराखाली ठेवणे, यांस अवाढव्य भांडवल लागत नाही. धुराड्यावरील मोजणीयंत्राचे आकडे मंडळाकडे जातात. तेच आकडे कारखान्याच्या दारावरही रोज लोकभाषेत लागावेत.

शेवटची गोष्ट आपल्या कर्तव्याची. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठा सिमेंट प्रकल्प येण्यापूर्वी सर्वसाधारणपणे जनसुनावणी घ्यावी लागते. तेथे नोकरीची आशा धरणारा तरुण जसा बोलतो, तसेच धुळीने गांजलेल्या शेतकऱ्यानेही बोलले पाहिजे. ते दोघे बहुधा एकाच घरातले असतात. त्यांच्यापैकी एकाची निवड करावयास लावणारा उद्योग आपल्याला नको आहे.