गावच्या पाण्याची परीक्षा गावातच



धाराशिव जिल्ह्यातील बहुसंख्य गावांची तहान विहिरी आणि विंधन विहिरी भागवितात. उन्हाळ्यात हे उद्भव आटले की प्रशासन खाजगी विहिरी अधिग्रहित करते. कोठे टँकर सुरू होतो. गाव तेच राहते, पाणी मात्र बदलते. या बदललेल्या पाण्याची परीक्षा होणे अगत्याचे आहे.

गढूळपणा डोळ्यांना दिसतो, खारेपणा जिभेला कळतो. नायट्रेट मात्र ना दिसते, ना चवीस येते. उकिरडे, सांडपाणी आणि शेतातील नत्रखते यांतून ते पाझरत विहिरीत उतरते. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे 45 मिलिग्रॅमहून अधिक नसावे. ते वाढल्यास, पाणी मिसळलेल्या वरच्या दुधावर असणाऱ्या सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. बाळ निळसर पडते, प्रसंगी जीवावर बेतते. टीसीएल पावडरीने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उकळल्याने तर पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

ही तपासणी गावातच करण्यासाठी क्षेत्रीय तपासणी संच उपलब्ध आहे. नमुन्यात ठरलेले रसायन टाकावयाचे, सांगितलेला वेळ थांबावयाचे आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहावयाचा. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना हे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली.

खिशात मावणाऱ्या टीडीएस मापकाविषयी मात्र गैरसमज नसावा. ते उपकरण पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देते. त्यात नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हे सांगत नाही. आकडा कमी आला म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही.

संचाचा निकाल हा इशारा असतो, अंतिम निर्णय नव्हे. शंका येताच स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन, उद्भवाचे नाव व दिनांक लिहून, तो प्रयोगशाळेकडे धाडावा. अहवाल येईपर्यंत तान्ह्या बाळांसाठी तपासलेल्या दुसऱ्या उद्भवाचे पाणी द्यावे. शिक्षकांनी ही चाचणी विद्यार्थ्यांसमोर करून दाखवावी. ग्रामपंचायतीने निकाल फलकावर लावावा आणि अधिग्रहणाचा प्रस्ताव पाठविताना त्या विहिरीच्या तपासणीचा निकालही सोबत जोडावा. विहिरीस पाणी किती, याबरोबरच ते कसे आहे, याचीही नोंद कागदावर आली पाहिजे.