भूल देणारे डॉक्टर आणि घरची माणसे
(सरावली येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शस्त्रक्रियेचा प्रसंग आला म्हणजे सर्जन कोण, याची आपण दहा ठिकाणी चौकशी करितो. भूल कोण देणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. मी वैद्य नव्हे, मॅट्रिक झालेला निवृत्त शिक्षक आहे. तथापि हा विषय घराघरांतून बोलला जावा, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

पूर्वी रोग्यास मद्य पाजून, चौघांनी घट्ट धरून शस्त्र चालवीत. दि. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे मॉर्टन नामक दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्यास निजविले व त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी ही विद्या कलकत्त्यास पोचली.

भूलतज्ज्ञ सुई टोचून निघून जातो, हा समज खरा नव्हे. संपूर्ण भूल म्हणजे नेहमीची झोप नव्हे. स्नायू सैल करणारे औषध दिले की रोग्याचा श्वासही थांबतो. मग श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास चालवावा लागतो. सर्जनची दृष्टी जखमेवर खिळलेली असते. नाडी, रक्तदाब, प्राणवायू व शरीराची ऊब यांवर हा दुसरा मनुष्य अखेरपर्यंत पहारा देतो.

आता आपल्या वागण्याविषयी. "उपाशीपोटी पोराला कसे पाठवायचे?" म्हणून आजी पहाटे दूध घातलेला चहा हळूच पाजते. यात माया आहे, पण धोकाही मोठा आहे. भुलीत ठसका लागत नाही. पोटातले वर आले तर थेट फुप्फुसात उतरते. म्हणून हलके अन्न व दूध सहा तास आधी बंद, जड जेवण त्याहून आधी. नुसते पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते, तेही डॉक्टरांस विचारून. चहा झालाच असेल तर तसे सांगावे. फार तर शस्त्रक्रिया पुढे जाईल.

ताडी, तंबाखू, मिश्री, मधुमेहाच्या गोळ्या, हलणारा दात, हेही लपवू नये. सासऱ्यांदेखत सुनेस मिश्रीचे सांगवत नाही, हे मी जाणतो; तिने डॉक्टरांशी एकान्तात बोलावे.

आणखी एक गोष्ट खास आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या विचाराची आहे. काही घराण्यांत रक्तातील एक द्रव्य जन्मतः उणे असते. अशा रोग्यास स्नायू सैल करणारे एक विशिष्ट औषध दिले तर मिनिटांत ओसरणारा परिणाम कित्येक तास टिकतो व तोवर श्वास यंत्रावर ठेवावा लागतो. दक्षिणेतील वैश्य ज्ञातीत हा दोष अधिक आढळला आहे, आणि ज्ञातीतल्या ज्ञातीत विवाह होत आल्याने तो टिकून राहिला असे मानितात. आपल्यात तो आहे असे मी म्हणत नाही. परंतु भुलीनंतर कोणास शुद्धीवर येण्यास फार विलंब लागला असेल, तर त्याच्या भावंडांनी ते भूलतज्ज्ञास अवश्य सांगावे. मंडळाच्या कुटुंबनोंदवहीत रक्तगटाशेजारी त्यासाठी एक रकाना वाढवावा, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे.