रिपोर्टातला वर गेलेला बाण



आज पाककृती सोडून रक्ताच्या तपासणीवर बोलणार आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई; पण रिपोर्टचा कागद हल्ली घरोघरी येतो आणि आधी आपल्याच हाती पडतो. त्यात ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ अशी एक ओळ असते. तिच्यापुढे वर गेलेला बाण दिसला की आपल्या तोंडचे पाणी पळते!

फॉस्फेटेज हे एक विकर, म्हणजे एन्झाइम. थेंबभर विरजणाने पातेलेभर दुधाचे दही होते, तसे हे थोडेसेच पुष्कळ काम करते. पदार्थातले फॉस्फेट सुटे करते. हाडे घट्ट होण्याशी त्याचा संबंध आहे, हे रॉबर्ट रॉबिसन यांनी लंडनमध्ये १९२३ साली मांडले. तपासताना रक्ताच्या निवळीत एक बिनरंगी द्रव्य घालतात. फॉस्फेटेज ते फोडते आणि पिवळा रंग चढतो. रंग जितका भराभर चढेल तितका आकडा मोठा.

मोठ्या माणसांत तो साधारण ४० ते १३० असतो. माझ्या जाऊबाईंच्या १३ वर्षांच्या मुलाचा ३०० वर आला, तेव्हा त्या रडायलाच लागल्या. डॉक्टर म्हणाले, “पोराची उंची वाढते आहे, हाडे जोरात वाढताहेत.” कागदावर छापलेली मर्यादा मोठ्यांची होती! गरोदरपणी शेवटच्या तीन महिन्यांतही आकडा वाढतो, कारण वारही फॉस्फेटेज तयार करते.

पण प्रत्येक वाढ अशी नसते. पित्ताच्या नळीत खडा अडकला किंवा गाठ आली, की यकृतातले फॉस्फेटेज रक्तात उतरते. आपल्याकडे कावीळ म्हटली की माळ घालायची, झाडपाला प्यायचा. दूषित पाण्याची कावीळ बहुधा आपली आपण उतरते आणि श्रेय माळेला मिळते, असे माझे स्पष्ट मत आहे. नळीतला खडा माळेने कसा निघणार? त्या काविळीत अंगाला खाज सुटते, शौचाला पांढुरके होते, लघवी गडद होते. दूषित पाण्याच्या काविळीत एस.जी.पी.टी. फार चढते आणि फॉस्फेटेज बेताने. नळी तुंबली की बहुधा फॉस्फेटेजच जास्त चढते. मग डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. मिरजोळ्याहून रत्नागिरी काही लांब नाही, ती त्याच आठवड्यात करून घ्यावी.

वाढ हाडांची की यकृताची, असा संशय असला तर गॅमा जी.टी. तपासतात. तीही चढलेली असली तर यकृताकडे पाहायचे, नसली तर बहुधा हाडांकडे. ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी पडून हाडे मऊ झाली, तरी फॉस्फेटेज चढते. कंबर दुखते म्हणून वर्षानुवर्षे नुसते तेल चोळणाऱ्या आपल्यातल्या जणींनी एकदा हेही डॉक्टरांना विचारावे.