बी. एस्सी.त शिकताना दंतवैद्यकाचा अर्ज



बारावी झाली, नीटच्या परीक्षेत गुण थोडे कमी पडले, घरी बसण्यापेक्षा बरे म्हणून बी. एस्सी.ला नाव घातले. आणि आता सहा-आठ महिन्यांनी पुन्हा मनात येते की आपण दातांचे डॉक्टर व्हावे. परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही कॉलेजात पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन विचारा, अशी दहा-पाच मुले-मुली हमखास निघतील. त्यांनी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय मुळीच करू नये, ह्याविषयी आज मी बोलणार आहे. मी स्वतः भाषेचा अध्यापक आहे. दातांचे शास्त्र मला सांगता येणार नाही. पण विद्यार्थ्यांचे अर्ज, दाखले आणि त्यांच्या वडिलांचे चेहरे पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, तेवढ्या अनुभवावर हे बोलणे आहे.

पहिली शंका सगळ्यांची एकच असते. "सर, मी आता कॉलेजात आहे. मला अर्ज करता येतो का?" येतो. बी. एस्सी.ला प्रवेश घेतल्याने नीटचे दार बंद होत नाही. प्रवेशाच्या वर्षातल्या 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण हवीत. वरच्या वयाची अट नाही, आणि परीक्षा किती वेळा द्यावी ह्यालाही मर्यादा नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. ह्या तीन शास्त्रविषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला शेकडा 50, आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना शेकडा 40 गुण लागतात. म्हणजे 300 पैकी 150 किंवा 120. ते कमी असतील, तर आपले राज्य मंडळ श्रेणीसुधार योजनेखाली बारावीला पुन्हा बसू देते. पण त्या संधी मोजक्या असतात. अर्जात पात्रता परीक्षा म्हणून बारावीच दाखवायची. बी. एस्सी.चे चालू वर्ष तिथे कामाचे नाही.

आणि इथेच दुसरा गैरसमज उभा राहतो. काहींना वाटते, कॉलेजात वर्षभर रसायन आणि प्राणिशास्त्र शिकलो, म्हणजे दंतवैद्यकात एखादे वर्ष माफ होईल. तसे होत नाही. बी. डी. एस. म्हणजे चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष सक्तीची आंतरवासिता, अशी पाच वर्षे. बी. एस्सी.चे एक वर्ष केलेला असो की तीन, प्रत्येकाला पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. एकोणिसाव्या वर्षी आत गेलेला मुलगा चोविसाव्या वर्षी बाहेर पडेल, आणि पुढे एम. डी. एस. करायचे म्हटले तर आणखी तीन वर्षे. हा हिशेब घरात सगळ्यांसमोर, एकदा, मोठ्याने मांडा. आईलाही बसवा, पुष्कळ घरांत खरा हिशेब तिलाच येतो.

आता परीक्षेकडे वळू. नीट ही देशभराची एकच परीक्षा. 2013 साली ती पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी न्यायालयात अडकली, आणि 2016 पासून पुन्हा लागू झाली. 180 प्रश्न, 720 गुण. त्यांतले 90 प्रश्न एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला एक गुण वजा. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, मात्र भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. 2023, 2024 आणि 2025 अशी तीन वर्षे ही परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली, आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षाही त्याच सुमाराला येतात. कॉलेजात असलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण ही आहे. दोन्ही अभ्यास एकदम होत नाहीत असे मी म्हणणार नाही, पण बी. एस्सी.चे विषय निवडताना जीवशास्त्र आणि रसायन हाताशी राहील असे घेतले, तर निम्मे ओझे हलके होते.

एक गोष्ट शिक्षकबंधूंनी विशेष ध्यानात घ्यावी, कारण खेड्यातले पालक ती त्यांनाच विचारतात. शेकडेवारी आणि पर्सेंटाइल ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खुल्या प्रवर्गाला नीटमध्ये 50 पर्सेंटाइल लागते म्हटल्यावर बाप समजतो की 720 पैकी 360 पाहिजेत. तसे नव्हे. 50 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या पन्नासांच्या पुढे असणे. 2025 साली खुल्या प्रवर्गाची ही पात्रतेची रेषा 720 पैकी 144 गुणांवर होती, म्हणजे शेकडा 20. हे ऐकून काहींना हर्ष होतो, तोही खरा नाही. पात्र ठरणे निराळे आणि जागा मिळणे निराळे. रेषा ओलांडली म्हणजे रांगेत उभे राहता आले, एवढेच.

रांग कोठली, तेही पाहू. शासकीय महाविद्यालयांतल्या शेकडा 15 जागा अखिल भारतीय यादीतून भरतात, बाकीच्या 85 राज्याच्या यादीतून. तिचे काम मुंबईचा सीईटी कक्ष पाहतो. राज्याच्या यादीसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी आणि अधिवासाचा दाखला असावा, हा सर्वसाधारण नियम. आपला जिल्हा तेलंगणापासून फार लांब नाही. बारावीसाठी मुलाला हैदराबादला ठेवणारे पालक आहेत, कोट्याला पाठवणारेही आहेत. त्यांतल्या कित्येकांना ही अट निकालानंतर कळते. पूर्वी वैद्यकीय प्रवेशांत विभागवार 70 आणि 30 टक्क्यांची वाटणी होती, आणि मराठवाड्यात जागा थोड्या म्हणून इथली मुले तिच्यावर नाराज असत. 2020 च्या सप्टेंबरात ती वाटणी रद्द झाली. तेव्हा कोणी अजूनही जुने गणित सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

राज्याची जुनी शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत; मुंबईत महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालयही आहे. खाजगी महाविद्यालये पुष्कळ. आपल्या परभणीतच सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, नांदेड आणि लातूरलाही आहेत. शासकीय जागांसाठी चढाओढ फार आणि फी थोडी. खाजगीत फी जास्त, आणि तिथल्या जागा पुष्कळदा रिकाम्या राहतात. 2020-21 च्या प्रवेशांत देशभर बी. डी. एस.च्या हजारो जागा रिकाम्या होत्या. 2021 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची रेषा दहा पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितले होते. ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. जागा मिळणे हा अनेकदा प्रश्नच नसतो. ती कोणत्या भावाने मिळते हा प्रश्न असतो. खाजगी महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि तो आकडा जाहीर असतो. तो आधी पाहा, फी जितकी वर्षे भरायची तितक्यांनी गुणा, वसतिगृह आणि उपकरणांचा खर्च मिळवा, आणि मगच महाविद्यालयांची पसंती भरा. एजंटाने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर जमिनीचा सौदा करू नका.

मुलींच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे. 2024 च्या जुलैत शासनाने निर्णय काढला: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असेल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. गावात "पोरीला फुकट आहे" एवढेच पोचते आणि ही अट वाटेत गळते. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना निराळ्या आहेत, त्यांची चौकशी समाजकल्याण आणि आदिवासी विकास खात्यांकडे करावी.

मागे जिंतूरकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. गुण बरे होते, यादीत नावही लागले होते. अडले कशात? जात पडताळणीत. पणजोबांच्या शाळेची नोंद उर्दूत होती. निजामाच्या राज्यात आपले कागद उर्दूत लिहिले जात, कुठे मोडीत. 1948 च्या आधीच्या ह्या नोंदी मराठवाड्याच्या घराघरांत हीच कथा करतात. पुरावा लागतो तो जुन्या तारखांचा: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त व भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. नोंद सापडली तरी तिचे भाषांतर करून घ्यायला दिवस जातात, आणि प्रवेशाच्या फेऱ्या दिवसांवर चालतात. त्या मुलीचे वडील तहसील आणि शाळेच्या खेटा घालून दमले, फेरी निघून गेली. पुढच्या वर्षी तिला जागा मिळाली, पण मधले वर्ष तिने काळजीत काढले. हे कागद गुणांवर अवलंबून नाहीत. अकरावीत असतानाच सुरुवात करता येते, आणि बी. एस्सी.त असलेल्याने आजच करावी. नॉन-क्रीमीलेयर दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, तोही वेळेवर नवा करून घ्या. हायस्कूलच्या गुरुजींनी शाळेच्या जुन्या रजिस्टरांना वाळवी लागू दिली नाही, तरी एका पिढीवर उपकार होतील.

आता टीसीविषयी, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याविषयी. चालू विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे, विशेषतः बारावीचा दाखला, कॉलेजात जमा असतात. नीटचा अर्ज भरायला ते लागत नाहीत. म्हणून निकाल लागल्याच्या आनंदात लगेच टीसी काढू नका. यादीत नाव लागेपर्यंत बी. एस्सी.चे नाव चालू राहू द्या, फी थकवू नका, परीक्षा द्या. काही मुले मार्चमध्येच कॉलेज सोडतात, परीक्षेला बसत नाहीत, आणि नीटमध्ये जमले नाही की दोन्हीकडून जातात. जागा लागली की मात्र घाई करावी लागते. कचेरीतल्या कारकुनाला महिनाभर आधीच भेटून ठेवा, कोणती कागदपत्रे त्यांच्याकडे आहेत ते लिहून घ्या, आणि प्रत्येकाच्या चार-चार प्रती काढून ठेवा. आपली कॉलेजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची, तर दंतवैद्यक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. विद्यापीठ बदलते म्हणून स्थलांतर प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. त्याचा अर्ज कसा करायचा हे आधी विचारून ठेवले, तर नांदेडची एक फेरी वाचते.

बी. एस्सी.ला नुसते नाव लावून ठेवायचे, वर्गात पाऊल टाकायचे नाही आणि लातूरला क्लासच्या खोलीत वर्ष काढायचे, ही रीत हल्ली फार वाढली आहे. मला ती पसंत नाही. लातूरला जायचे तर उघड जावे; एक वर्ष, फार तर दोन, असे आधी ठरवावे. तिसरे वर्ष मागणाऱ्या मुलाला बापाने नाही म्हणावे, आणि त्या नाहीत राग नसावा.

शेवटी थोडे ह्या व्यवसायाविषयी, कारण "एम. बी. बी. एस. नाही तर बी. डी. एस." एवढ्याच विचाराने आत गेलेली मुले दुसऱ्या वर्षी कंटाळतात. दातांच्या डॉक्टराचे काम हातांचे आहे. सुताराची नजर, सोनाराची बोटे आणि रुग्णाच्या उघड्या तोंडासमोर तासभर टिकणारा धीर त्याला लागतो. खेड्यात काम भरपूर आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी तो मिळतो. तंबाखू आणि मशेरी तर घरातच असते. गालातला पांढरा चट्टा, उघडत नसलेला जबडा हे पहिल्यांदा दिसते ते दातांच्या डॉक्टराला, आणि तेव्हा ओळखले तर माणूस वाचू शकतो. ज्या मुलाला किंवा मुलीला असे काम करावेसे वाटते, त्याने एकदा गावाजवळच्या दवाखान्यात परवानगी घेऊन दिवसभर बसून पाहावे. उबग आला तर तेही उपयोगी ज्ञान आहे, आणि त्याला फी नाही.

आणि जागा मिळून गेलात, तर मागे राहिलेल्या बी. एस्सी.चे काय? बी. डी. एस.ला लेखी व प्रात्यक्षिक दोन्हींत शेकडा 75 हजेरी लागते, त्यामुळे दोन्ही पदव्या सोबत चालवण्याचा विचार सोडा. मात्र नव्या शैक्षणिक धोरणाखाली तुम्ही पूर्ण केलेल्या सत्रांची श्रेयांके तुमच्या नावावर क्रेडिट बँकेत जमा राहतात. जाण्यापूर्वी ती नोंद बरोबर झाली आहे का, हे कॉलेजच्या परीक्षा विभागात पाहून घ्या, आणि गुणपत्रके विसरू नका.