शुश्रूषेचे मोल
(पुणे येथील भाषण)



ज्या घरात एखादे माणूस स्वतःच्या हाताने जेवू शकत नाही, उठून न्हाणीपर्यंत जाऊ शकत नाही, त्या घरातील आईला विचारा की तिचा दिवस केव्हा सुरू होतो व केव्हा संपतो. येरवड्याच्या वा ताडीवाला रस्त्याच्या वस्तीत एका खोलीत ती त्याला न्हाऊ घालते, घास भरवते, कूस बदलून देते; आणि त्यापायी तिची चार घरची धुणीभांडी सुटतात. एकाच्या अपंगत्वाने दोघांची कमाई जाते. या श्रमाचे मोल कोणी द्यावयाचे?

पूर्वी उत्तर ठरलेले होते. गेल्या जन्मीचे पाप, भोगलेच पाहिजे! पाप्याच्या मदतीला राज्य कशाला येईल? परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कल्पना त्याज्य ठरविली. दीक्षा घेऊनही ज्यांच्या ओठी हे शब्द येतात, त्यांनी ते टाकावेत.

अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्षूला भगवंतांनी व आनंदाने धुतले, उचलून शय्येवर ठेवले, ही महावग्गातील कथा आपण ऐकली असेल. त्यापुढील नियम मात्र क्वचितच सांगितला जातो. आजारी भिक्षू मरण पावल्यास त्याचे चीवर व पात्र शुश्रूषा करणाऱ्यांस देण्याची अनुज्ञा भगवंतांनी संघास दिली. शुश्रूषा हे पुण्य खरेच, पण संघाने तिचा हिशेबही ठेवला!

राज्याने काय ठेवले? संविधानाच्या 41 व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजार व विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने पाऊल पुढे टाकले. ('दिव्यांग' हा सरकारी शब्द, नाव दिव्य केल्याने कोणाची आंघोळ होत नाही.) कलम 24 मध्ये अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता सांगितला आहे, तोही शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. कलम 38 अन्वये 40 टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेली व्यक्ती, किंवा तिच्या वतीने दुसरे कोणीही, अशा आधारासाठी अर्ज करू शकते. मग मूल्यमापन मंडळाने गरज तपासावयाची असते.

ऑस्ट्रेलियाने 2013 साली कायदा करून स्नान, भोजन, वस्त्रे यांसाठी लागणाऱ्या मदतनिसाचा खर्च त्या व्यक्तीच्या नावे मंजूर करण्याची पद्धत सुरू केली. तेथे मोजतात ते तास. आपल्याकडे मोजतात ती टक्केवारी आणि उत्पन्न. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान दिव्यांगांसाठी 2025 मध्ये दरमहा 1500 वरून 2500 रुपये करण्याचा निर्णय झाला. पैसा उपयोगी आहे, तो घ्यावाच. पण त्यात रोज दोन वेळ येणारा मदतनीस ठेवता येत नाही, हे हिशेब जाणणाऱ्या गृहिणीला सांगावयास नको.

म्हणून आधी ससूनसारख्या शासकीय रुग्णालयातून दाखला व ओळखपत्र काढा. निराधार अनुदानाचा अर्ज तहसीलदारांकडे करा. त्यानंतर कलम 38 चा स्वतंत्र अर्ज लिहा, व त्यात रोग कमी आणि दिवस जास्त लिहा: किती वेळा उचलावे लागते, रात्री कितीदा उठावे लागते, त्यामुळे कोणाचे काम सुटले. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. एक प्रत तेथे द्या आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय परतू नका.